घोडा विकणे आहे

आमच्या गावाचे नाव बदलापूर. जुन्या काळी इथे घोडे बदलत, म्हणून हे नाव पडले असे सांगतात. स्वाराने दमलेला घोडा इथे सोडायचा, ताज्या घोड्यावर मांड ठोकायची आणि पुढे सुटायचे. ऐकायला हे फार छान वाटते. पण मी कॉमर्सचा पदवीधर आणि वर बँकेत कारकून. त्यामुळे मला भलतेच प्रश्न पडतात. तो सोडलेला घोडा ताब्यात घेताना काय भाव लावत असतील? खोगीर, रिकीब, गळ्यातली घुंगरांची माळ यांचे वेगळे पैसे मिळत असतील का? आणि "सरदार, नाल मागच्याच महिन्यात मारलेत बरं का!" असे सांगून एखादा स्वार दोन नाणी जास्त मागत असेल का? इतिहास या बाबतीत गप्प आहे. मला मात्र गप्प बसवत नाही, कारण २०२४ च्या दिवाळीनंतर याच बदलापुरात मी माझा घोडा विकायला काढला.

माझा घोडा म्हणजे हिरो होंडा स्प्लेंडर प्लस. रंग काळा, पासिंग एमएच ०५. २०१० च्या दसऱ्याला घेतलेली. हिरो आणि होंडा या दोघांनी १९८४ साली मांडलेला संसार मोडायचे ठरले ते २०१० च्या डिसेंबरात, आणि पुढच्या वर्षी कंपनीचे नावही बदलले. म्हणजे मी ऑक्टोबरात गाडी घरी आणली आणि दोन महिन्यांत तिच्या आईबापांचा काडीमोड झाला. पण पोर गुणी निघाली. ९७.२ सीसीचे इंजिन, न कुरकुरता चालणारे. याच घराण्यातल्या थोरल्या गाडीची, १९८५ च्या सीडी हंड्रेडची, जाहिरात अशी होती की पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा. मध्यमवर्गीय माणसाला आयुष्यात एवढेच तर हवे असते. फक्त पेट्रोल भरल्यावर त्याला भाव विसरता येत नाही.

इतकी साधी, सरळ गाडी. ती आहे तशी चालवली असती तर पुढचे रामायण घडलेच नसते. पण माझी शाखा उल्हासनगरला. बदलापूरहून अंबरनाथमार्गे जायचे दहा-बारा किलोमीटर, आणि यायचे तेवढेच. उल्हासनगरात रोज जेवणाच्या सुट्टीत पाय मोकळे करायला निघालेला माणूस काहीतरी विकत घेतल्याशिवाय परत येतच नाही. तिथे काय मिळत नाही? जीन्स, फर्निचर, पापड आणि गाडीला बाहेरून लावायच्या यच्चयावत वस्तू. मूळ गाडी ही कंपनीची असते हो, ॲक्सेसरीज मात्र आपल्या असतात. बायको निवडताना निदान आईवडिलांना विचारावे लागते. सीट कव्हरचा रंग आपण स्वतः निवडतो.

पहिला बसला लेगगार्ड. पूजेच्या नारळाचे पाणी वाळायच्या आत सासरे म्हणाले, "जावईबापू, पायांना जपा." जपले. ४५० रुपये. मग साइड बॉक्स; त्यात सकाळी डबा, दुपारी रेनकोट आणि संध्याकाळी मेथीची जुडी. ९०० रुपये. सीट कव्हर चौदा वर्षांत तीन वेळा, मिळून १,१५०. गोल चकचकीत आरसे ३००. त्यांत मागचे कमी आणि स्वतःचे तोंड जास्त दिसे. मोबाइल चार्जर ३५०. धुक्यासाठी दोन एलईडी दिवे ७००. बदलापूरला धुके पडते, पण आमची बँक उघडायच्या कितीतरी आधी ते विरलेले असते, हे दिवे बसवल्यावर ध्यानात आले.

साडी गार्ड तेवढा विकत घ्यावा लागला नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम सांगतो की मागे बसणाऱ्याला धरायला मूठ हवी, पाय ठेवायला जागा हवी आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागचे निदान अर्धे चाक झाकलेले हवे. कायदेमंडळींनी एरवी कधी माझ्या सौभाग्यवतीच्या पदराचा विचार केल्याचे स्मरत नाही. पुढे सौ. पंजाबी ड्रेसवर आली. गार्ड बिचारा अजून साडीचीच वाट बघत होता.

मग आमच्या मेहुण्याने मनावर घेतले. "भावजी, गाडीला पर्सनॅलिटी नाही," असे म्हणून त्याने मला दोन वस्तू घ्यायला लावल्या. एक हॉर्न, ६५० रुपयांचा. बटण दाबले की एका पाठोपाठ एक पाच सूर वाजत. माझा हात नको तिथे पडला आणि एका अंत्ययात्रेमागे ते पाचही सूर वाजले, त्या दिवशी मी त्याची वायर काढली. एका पाठोपाठ वेगवेगळे सूर काढणारा हॉर्न नियमात बसतच नाही, हे नंतर कळले. तेव्हापासून तो नुसताच लटकत होता. दागिना अंगावर, आवाज बंद.

दुसरी वस्तू सायलेन्सर, १,८०० रुपयांचा. पहिल्या सकाळी किक मारली तेव्हा सोसायटीतल्या तीन मजल्यांवरच्या खिडक्या एकदम उघडल्या. लग्नाच्या वरातीतसुद्धा माझ्याकडे इतक्या माणसांनी एका वेळी पाहिले नव्हते. चेअरमन खाली आले. ते काहीतरी बोलत होते, ओठ हलताना दिसत होते. पुढे अनेक शहरांत पोलिसांनी असले सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडून त्यांवरून रोडरोलर फिरवला. माझा मात्र तीनच आठवड्यांत वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर गेला. कंपनीचा मूळ सायलेन्सर पुन्हा गाडीला आणि गाडीची ॲक्सेसरी आमच्या घराला, अशी अदलाबदल झाली.

शेवटची वस्तू लेकीची गादी. २०१३ साली ती वर्षाची झाली, तेव्हा पेट्रोलच्या टाकीवर बसवायची छोटीशी लाल गादी आणली. ५५० रुपये. टाकीवर चढून ती दोन्ही हात हँडलवर ठेवी आणि 'बाबा, मी चालवते' म्हणे. पुढे तिची शाळा, मग सायकल, मग मैत्रिणी. गादीचा लाल रंग उडून गुलाबी झाला. काढायची राहून गेली ती राहूनच गेली.

एकूण बेरीज ६,८५०.

दिवाळीत घरात स्कूटर आली. सौ. आणि लेक दोघींनाही चालवता येईल अशी. लेकीला अजून लायसन्सला वेळ आहे, पण स्कूटर तिला विचारूनच घेतली गेली. शिवाय स्प्लेंडरची पंधरा वर्षांची नोंदणी पुढच्या दसऱ्याला संपणार. "आता हिला काढा," सौ. म्हणाली. 'हिला' म्हणजे गाडीला, हे कळायला मला क्षणभर लागला.

मी कागद घेऊन बसलो. गाडी रस्त्यावर आली तेव्हा पंचेचाळीस हजारांच्या घरात होती. आता घसारा. विम्याच्या कोष्टकात गाडीची किंमत पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्क्यांनी, वर्षाअखेर १५ टक्क्यांनी आणि अशी उतरत पाचव्या वर्षी ५० टक्क्यांनी कमी धरतात. पाच वर्षांपुढे कोष्टक हात टेकते आणि म्हणते, दोघांनी आपसात काय ते ठरवा. लग्नाचेही साधारण असेच असते. सुट्या भागांचा हिशेब आणखी निराळा. रबर, नायलॉन, प्लास्टिक यांना सरसकट ५० टक्के घसारा, काचेला शून्य. माझ्या गुडघ्यांचे रबर केव्हाच निम्म्यावर आले आहे. चष्म्याची काच मात्र दर वर्षी जाड होते.

ॲक्सेसरीजचे काय? माझ्या शिक्षणाप्रमाणे मालमत्तेत भर घालणारा खर्च हा भांडवली खर्च. तो मालमत्तेच्या किमतीत मिळवायचा असतो. मी मिळवला. वर थोडे नावलौकिकाचे धरले. आकडा आला २५,०००. सोसायटीच्या फळ्यावर चिठ्ठी लावली: 'विकणे आहे. एकहाती वापरलेली स्प्लेंडर, सर्व ॲक्सेसरीजसह.'

पहिले आले तळमजल्यावरचे निवृत्त गृहस्थ. त्यांनी गाडीभोवती तीन प्रदक्षिणा घातल्या, टायरला अंगठा लावला, सीट दाबली, माझ्याकडून दोनदा किक मारून घेतली, वर येऊन चहा घेतला आणि म्हणाले, "मला घ्यायची नाही हो, पण भाव माहीत असावा." दुसरा आला कॉलेजचा मुलगा. "काका, एबीएस आहे का?" म्हटलं, "ब्रेक आहेत." तो दुसऱ्या दिवशी येतो म्हणाला. बँकेत कर्जाचा हप्ता थकलेली माणसे हेच वाक्य याच आवाजात म्हणतात, त्यामुळे मी वाट पाहिली नाही.

शेवटी गाडी घेऊन गेलो उल्हासनगरला, जुन्या गाड्यांचा व्यवहार करणाऱ्या एका शेठकडे. आमच्या शाखेतला जुना खातेदार, साठी उलटलेला सिंधी माणूस. त्याने गाडीकडे बघितलेच नाही. आवाज ऐकला, धुराचा वास घेतला आणि म्हणाला, "साब, इंजन अच्छा है. चौदा हजार."

"शेठ, एवढ्या ॲक्सेसरीज आहेत..."

"वो सब निकाल के दो, तो साडेचौदा."

मला वाटले ऐकण्यात चूक झाली. त्याने समजावून सांगितले. नव्या गिऱ्हाइकाला गाडी कंपनीने दिली तशी हवी असते. बाहेरून बसवलेले दिसले की त्याच्या मनात येते, वायर कुठे कुठे तोडली असेल? कुणी पोराने उडवली असेल का? काढायची मजुरी शेठलाच पडणार. म्हणजे ६,८५० रुपयांची माझी भांडवली गुंतवणूक बाजारात उणे ५०० होती. बी. कॉम.ला असताना असा प्रश्न आला असता तर मी छापील चूक समजून सोडून दिला असता.

माझा चेहरा बघून त्याने चहा मागवला. उल्हासनगरचे मूळ ठाऊक असेल तुम्हाला. दुसऱ्या महायुद्धात इथे सैन्याची छावणी होती. १९४७ ला सिंधमधून घरदार सोडून आलेली माणसे त्या बराकींमध्ये राहायला आली, आणि ८ ऑगस्ट १९४९ ला त्या वसाहतीचे उल्हासनगर झाले. छावणीचे 'कॅम्प' मात्र पत्त्यांत अजून आहेत, एक ते पाच. शेठचे आजोबा त्या माणसांतलेच. सक्करला त्यांचे घर होते. बैठकीच्या खिडक्यांना त्यांनी हौसेने रंगीत काचा बसवून घेतल्या होत्या. त्यानंतर सहा महिन्यांत घर सोडावे लागले.

"इधर क्लेम का कागज भरा," शेठ बशीत चहा ओतत म्हणाला. "मकान लिखा, कमरे लिखे. दादा पूछता था, काच किधर लिखूँ? काच का खाना ही नहीं था."

एवढे बोलून त्याने चहा प्यायला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. उपदेश वगैरे काही केला नाही. चौदा हजारांवरून पुढेही सरकला नाही.

परतताना मी अंबरनाथला शिवमंदिरापाशी थांबलो. मन खट्टू झाले की मी तिथे थांबतो. प्रमोशनची यादी लागते तेव्हा हटकून. शिलाहारांच्या काळचे ते देऊळ. तिथला शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा. बाहेरच्या भिंती बोटभरही मोकळ्या सोडलेल्या नाहीत. सगळीकडे देव, अप्सरा, हत्ती, वेलबुट्टी. मी खाली उभा राहून हिशेब करत होतो. देवाला राहायला गाभारा पुरे. पावसापासून आडोसा म्हणून भिंत आणि छप्पर पुरे. बाकीचे हे सगळे म्हणजे काय? ॲक्सेसरीजच की! साडेनऊशेहून अधिक वर्षांत एकाही माणसाने 'हे कोरीवकाम उतरवून द्या, मग पाचशे जास्त देतो' असे म्हटलेले नाही. माझे दुर्दैव एवढेच, की माझ्या लेगगार्डला अजून पंधरा वर्षेसुद्धा झाली नव्हती.

घरी आलो तर सौ.ने मूळ मुद्द्यालाच हात घातला. "गिऱ्हाईक येऊ दे. पण पुराचं काही बोलू नका."

हे एक राहिलेच सांगायचे. २०१९ च्या जुलैची २७ तारीख. उल्हास नदी फुगली, आणि बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली. हजारावर प्रवाशांना बोटींतून काढले. ते सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिले. त्याच सकाळी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये माझी स्प्लेंडर हँडलपर्यंत पाण्यात होती. ते कुणी दाखवले नाही. चौथा शनिवार असल्यामुळे बँकेला सुट्टी होती, तेवढी एक दया निसर्गाने दाखवली. पाणी ओसरल्यावर मेकॅनिकने इंजिनातले ऑइल काढले, तर ते दुधाचा चहा असावा तसे बाहेर आले. तीन वेळा ऑइल बदलले, कार्ब्युरेटर धुतला, प्लग वाळवला. गाडी चालू झाली ती आजतागायत. फक्त कंपनीच्या हॉर्नला तेव्हा झालेली सर्दी बरी झाली नाही.

"खोटं बोला असं मी म्हणत नाही," सौ. म्हणाली. "पण विचारल्याशिवाय सांगायचं कशाला?"

मुद्दा बिनतोड होता. पण चोवीस वर्षे काउंटरच्या अलीकडे बसून मी लोकांना हेच सांगत आलो, की साहेब, फॉर्मचा एकही रकाना रिकामा सोडायचा नाही. आता माझाच रकाना आला होता.

आठवड्याने एक जोडपे आले. तो अंबरनाथच्या एमआयडीसीत पाळीवर जाणारा, पंचविशी-तिशीतला. रात्रपाळी सुटल्यावर रिक्षा मिळत नाही म्हणून गाडी हवी. बरोबर बायको आणि तीन वर्षांचा मुलगा. आम्ही मोठी माणसे कागदपत्रांचे बोलत होतो तोवर ते पोर लेगगार्डवर पाय देऊन वर चढले, गादीवर जाऊन बसले आणि दोन्ही हातांनी हँडल धरून तोंडाने गाडी चालवू लागले. त्याला कुणी काही सांगितले नव्हते. अगदी तस्सेच.

"काका, ही गादी गाडीबरोबरच मिळेल ना?" त्याच्या आईने विचारले.

आख्ख्या बाजारात माझ्या एका तरी ॲक्सेसरीला मोल देणारे माणूस भेटले होते. मी विरघळलो, आणि विरघळलेला माणूस खरे बोलतो. म्हटलं, "हे बघा, आधी ऐकून घ्या. २०१९ च्या पुरात ही गाडी हँडलपर्यंत बुडाली होती. आणि मीटरवर ७१ हजार दिसतात ते खरे नाहीत. मध्ये केबल तुटली होती, आठ महिने मीटर चालू नव्हता."

पडद्याआडून सौ.ने टाकलेला नि:श्वास मला ऐकू आला.

मुलगा हसला. "काका, आम्ही नदीकाठालाच राहतो. त्या दिवशी आमचं कपाट पाण्यात होतं. बदलापुरात पाण्यात न गेलेली गाडी शोधायची तर डोंगरावर जावं लागेल." मग थोडा विचार करून म्हणाला, "पण पुराचे हजार कमी करा."

साडेसोळा ठरत होते, ते साडेपंधरा झाले. सत्याची किंमत हजार रुपये पडली. तरी शेठपेक्षा दीड हजार जास्तच होते. मी २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या केल्या. २०१० च्या कागदावरची माझी सही शेजारी ठेवून पाहिली. बँकेत असा चेक आला असता तर सही जुळत नाही म्हणून मीच परत केला असता. तेव्हाच्या सहीखाली एक लांबलचक रेघ होती. ती कुठल्या साली गेली, कुणास ठाऊक!

किल्ली दिली. गाडी गेली. लेक गॅलरीतून बघत होती. "बाबा, गादी पण दिलीस?" एवढेच म्हणाली आणि मोबाइलमध्ये डोके घातले.

रात्री मला झोप येईना. गाडी विकल्याचे चौदा दिवसांत कळवावे असे कायदा सांगतो. पण रजिस्टरवर नाव बदलेपर्यंत मालक मीच. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली एका निकालात हे स्वच्छ सांगितले आहे: गाडी दुसऱ्याच्या हाती गेलेली असली तरी अपघात झाल्यावर नुकसानभरपाईला कागदावरचा मालकच बांधलेला. म्हणजे आत्ता रात्रपाळीवरून कुठेतरी येत असलेली ती गाडी माझी होती. इथपर्यंत ठीक होते, विमा होता. पण मला सारखे दिसत होते ते पुढे टाकीवर बसलेले पोर. २०१३ साली मी लेकीला तसेच न्यायचो. सौ.ची ओढणी तिच्या पोटाभोवती बांधून माझ्या कमरेला गाठ, हीच आमची सुरक्षितता. डोक्याला लोकरीची टोपी. शाबासकी द्यावी की कानफटात, असा बाप होतो मी. २०२२ साली नियम निघाला, की चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर न्यायचे तर अंगात सुरक्षेचा पट्टा हवा, डोक्याला हेल्मेट हवे आणि वेग चाळीसच्या वर नको. तो वाचला तेव्हा मी 'चांगला आहे' म्हणून पान उलटले होते. लेक तेव्हा दहा वर्षांची होती. आपले पोर मोठे झाले की सगळे नियम चांगलेच वाटतात.

सकाळी त्याला फोन केला. म्हटलं, गादी परत दे, हवे तर पैसे घे. तो म्हणाला, "काका, मीच काल काढून बघितली. खालचे नट पुरात गंजलेत. निघत नाहीत."

म्हणजे पाणी त्याही रकान्यात शिरले होते.

जेवणाच्या सुट्टीत मी पाय मोकळे करायला निघालो. जाकिटासारखा असतो तो पट्टा. मुलाच्या अंगात घालायचा आणि त्याचे बंद चालवणाऱ्याच्या खांद्यांवरून घ्यायचे. दुकानदार मला चौदा वर्षे ओळखणारा. "साब, गाड़ी तो बेच दी ना?"

"कागदावर अजून माझीच आहे," मी म्हणालो.

४८० रुपये. घासाघीस केली नाही, याचे त्याला फार आश्चर्य वाटले. संध्याकाळी नदीकाठच्या त्यांच्या घरी पट्टा नेऊन दिला. पोराला माझ्या देखत घालून बघितला, दोन बंद आवळले, एक सैल केला. छोटे हेल्मेट घ्यायचे त्याने कबूल केले. मी म्हटलं, ते तू घे, तेवढा भांडवली खर्च तुझा. त्याला काही कळले नाही, पण मान हलवली. टाकीवर नको, पट्टा बांधून पाठीशी बसव, असेही सांगितले. पोराने मात्र त्याला जोरदार हरकत घेतली. त्याची बाजू मला पटत होती, पण मी बोललो नाही.

बारा दिवसांनी मोबाइलवर संदेश आला, की गाडी त्यांच्या नावावर झाली. मी वही काढून खाते बंद करायला बसलो. ॲक्सेसरीजच्या नावे आता ७,३३० रुपये. त्यांतले ४८० गाडी विकल्यानंतरचे. असा खर्च कुठल्या सदरात घालतात हे पुस्तकात नाही. शेठच्या आजोबांना काचांचा रकाना सापडला नाही, मला पट्ट्याचा. मग मी ती ओळ तशीच ठेवली आणि जमेच्या बाजूला काहीच लिहिले नाही. आयुष्यात पहिल्यांदाच ताळा जुळला नाही आणि तरीही मी घड्याळ बघून वेळेवर जेवायला बसलो.

परवा संध्याकाळी स्टेशनरोडला भाजी घेताना मागून सर्दी झालेला हॉर्न वाजला. मी वळून न बघता बाजूला झालो. चौदा वर्षे जो हॉर्न दुसऱ्यांना वाजवला, तो स्वतःला वाजला म्हणजे कसा वाटतो ते तेव्हा कळले. बराच उद्धट वाटतो. गाडी पुढे गेली. पोर पाठीशी बांधलेले, डोक्यावर पिवळे हेल्मेट, आणि पुढच्या गादीवर मेथीची जुडी.

"आता माळ्यावरचा तो सायलेन्सर तेवढा काढा," घरी आल्यावर सौ. म्हणाली. "फळ्यावर चिठ्ठी लावा. तीन आठवडेच वापरलाय म्हणावं."

मी नाही म्हणालो. घोडा विकला, खोगीर विकले, रिकीब वर फुकट दिली. सायलेन्सर मात्र विकणे नाही. विकला तर वाजेल.